लेकीची खोली

जहागीरदारांच्या डोक्यात खूळ शिरलं: घरात राहत्या माणसांपुरतीच जागा; जास्तीची खोली सरकारी कोठाराला. मोजणीला ते स्वतःच निघाले. चिमाबाईच्या दारात घोडा थांबला, तशी ती बाहेर आली.

"तुम्ही दोघंच नवराबायको. मग दुसरी खोली कशाला?"

"लेक येईल ना सरकार, बाळंतपणाला."

"दिली लेक ती सासरची. तिची जागा माहेरात कशाला धरायची? काढा रे सामान!"

शिपायांनी आत घुसून बाज उचलली. चिमाबाईनं पदर खोचला.

"न्या खुशाल. पण सरकार, आधी आपल्या लेकीला, ताईसाहेबांना सासरी धाडा. कालच वाड्यावर बाळंतपणाला आल्यात ना?"

शिपाई बाज धरून मालकाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ठेवा ती जागच्या जागी," जहागीरदार पुटपुटले आणि त्यांनी घोडा वळवला.