ओल्या भिंतीतले बोल्ट

एका डोंगरगावात येसबा नावाचा सुतार होता. तिथली जमीन अधूनमधून हादरायची, म्हणून घरं हलक्या लाकडाची आणि त्यांच्या खाली धान्यासाठी काँक्रीटचं तळघर. पण रीत अशी, की घराच्या बुडाच्या लाकडाला लोखंड टोचायचं नाही. घराला जखम होते म्हणे! लाकडी घर भिंतीवर नुसतं ठेवायचं. मागच्या भूकंपात येसबाच्या बहिणीचं घर असंच भिंतीवरून घसरलं. लाकूड एकही मोडलं नाही, पण बहीण गेली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. या गावाला ठेच लागूनही अक्कल आली नाही.

पुढे सरपंच धोंडजीरावांनी नवं घर बांधायला काढलं आणि काम येसबाला दिलं. तळघराच्या भिंतीत काँक्रीट ओतून होताच येसबाने तिच्या माथ्यात दोन-दोन हातांवर लोखंडी बोल्ट रोवले. घराचं बूड त्यांत अडकवून कसायचं, हा त्याचा बेत.

सरपंच कडाडले, "काढ ते! रीत मोडतोस?"

"मोडतो. माझी बहीण या रीतीनंच मारली."

"गावात पुन्हा रंधा धरू देणार न्हाई तुला!"

"नका धरू देऊ. पण काँक्रीट वाळेस्तवर मी हितनं हलत न्हाई."

आणि तो भिंतीवर मांडी ठोकून बसला. सरपंचांनी मजुरांना खुणावलं. त्याची बहीण कशी गेली, ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकही मजूर पुढे झाला नाही.

संध्याकाळपर्यंत काँक्रीट आवळलं. नवीकोरी भिंत फोडायचा सरपंचांना धीर होईना, आणि वर आलेल्या बोल्टांमुळे घर नुसतं ठेवताही येईना. तोंड वाकडं करून त्यांनी दुसऱ्या सुताराकडून त्याच बोल्टांवर घर कसून घेतलं. येसबाचं काम मात्र गावाने तोडलं. तो परगावी खाटा विणून पोट भरू लागला, पण माफी मागायला काही आला नाही.

तिसऱ्या वर्षी भरदुपारी धरणी हादरली. घरामागून घर भिंतीवरून घसरलं. सरपंचांचं करकरलं, पण जागचं हललं नाही. आत त्यांची बाळंतीण सून आणि चार दिवसांचं नातवंड सुखरूप होती.

सरपंच शाल-नारळ घेऊन येसबाच्या दारी गेले. सोबत सारा गाव होता.

येसबाने शालीला हात लावला नाही. तो म्हणाला, "ही घेऊन जावा. आता उभ्या गावाची घरं बांधायची हाईत. रीत चुकली, असं समद्यांसमोर म्हणा. मगच हत्यारं उचलीन."

सरपंचांनी मान खाली घातली. मग ती वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "रीत चुकली. माझंही चुकलं."

तात्पर्य: जी रीत माणसाच्या जिवावर उठते, ती मोडणं हाच धर्म, आणि मोडायची ती वेळेवर, एकट्याला मोडावी लागली तरी.