अभिषेकपात्राखालचा तळहात

“…मग मला जमलं ते तिला का जमू नये, बुवा?”

रेवणचे गुरू अमृतबुवा यांनी वर पाहिले. मठाच्या गाभाऱ्यात पिंडीवर टांगलेल्या अभिषेकपात्रातून पाणी ठिबकत होते.

विचारणारा रेवण हा बुवांचा सर्वांत निष्ठावान शिष्य, आणि सर्वांत गर्विष्ठही. खांबापाशी, गुडघ्यांत डोके घालून, त्याची बहीण बसली होती. तिचे नाव कथेने राखलेले नाही.

दर थेंबासरशी तिचे खांदे दचकत.

“सात वर्षं या थेंबापुढे बसलो. आधी ऐकू यायचा, आता येत नाही. तिलाही तेच शिकवलं. सहा महिने झाले.”

“मग?”

“प्रत्येक थेंब तिला पहिलाच!”

“दादा,” बहीण म्हणाली.

“साधू मला विचारतात, बहीण आणलीस की घंटा? हात लावायच्या आत वाजते. घरी तर कोणी उरलं नाही. आज उपाय निघाला नाही, तर उद्या तिला घाटाखालच्या वेड्यांच्या कोठीत सोडावं लागेल. तिथे पायांत साखळी घालतात, बुवा…”

“दादा.”

“मंत्र द्या. अंगारा द्या.”

“माझ्याजवळ काही नाही रे.”

“मग हे पात्र तरी उतरवा!”

“उतरवीन. मग तिला जात्याची घरघर दचकवील. मग तुझ्या खडावा.”

“दादा…”

बुवा कष्टाने उठले. त्यांनी पात्राखाली तळहात धरला.

आवाज थांबला.

बहिणीचे खांदे सैल झाले. तिने मान वर केली.

“बुवा!” रेवण ओरडला. “बरी झाली!”

“हात भरतोय,” बुवा म्हणाले.

तळहात भरला. बोटांतून पाणी निसटले.

टप्.

खांदे पुन्हा दचकले.



“मघापासून ती तुला हाक मारते आहे,” बुवा म्हणाले.

“मला?” रेवणने बहिणीकडे पाहिले. “मला नाही ऐकू आली.”

“दादा.”

या वेळी त्याने हाक ऐकली. तो तिच्यापाशी जाऊन बसला आणि तिच्या दोन्ही कानांवर त्याने हात ठेवले. ती तरीही दचकत राहिली.

“हिचं ऐकणं थांबवा, बुवा.”

बुवांनी दुसरा तळहात पात्राखाली धरला.

“ते मला येत नाही. सात वर्षांत तुझं ऐकणं थांबवलं, तेवढंच आलं.”