दुपारची धार

एका तालुक्याच्या गावी एकदा एक वृद्ध शिक्षक राहत असत. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत ते मोठ्या माणसांना संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवीत. आणि दुसरी म्हणजे, ते कधीही खोटे बोलत नसत. यजमानाने वाढलेली आमटी खारट असली, तर तसे सांगून मगच ते दुसरी वाटी मागत. त्यामुळे त्यांना जेवायला बोलावण्यापूर्वी गृहिणी दोनदा विचार करीत, आणि तरीही बोलावीत.

वय झाल्यावर गुरुजींनी खोलीची किल्ली आपल्या एका शिष्येच्या हाती दिली. मुलगी हुशार, शिकवण्याचे रीतसर शिक्षण घेतलेली आणि मनापासून कष्ट करणारी होती. वर्गात आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसे होती, तशीच लग्नामुळे किंवा नोकरीमुळे शहरातून या गावात आलेलीही होती. म्हणून शिष्येने पहिला विषय निवडला तो शहरातल्या आणि खेड्यातल्या जीवनाचा. तिला वाटले, हा तर प्रत्येकाच्या घरचाच विषय, यावर कोण बोलणार नाही?

तिने फळ्यावर सुंदर अक्षरात वाक्ये लिहून दिली. खेड्यातली हवा शुद्ध असते. खेड्यातले जीवन शांत असते. शहरात गर्दी असते आणि तिथे कोणाला कोणासाठी वेळ नसतो. मंडळींनी ती वाक्ये इमानाने घोकली आणि ओळीने उभे राहून म्हणून दाखवली. गजाबा दूधवाल्याने तर छाती पुढे काढून सांगितले, की माझ्या खेड्यातली हवा अत्यंत शुद्ध आहे. गजाबाची वाडी साखर कारखान्याच्या मळीच्या नाल्याला लागून आहे. गळीत हंगामात तिथे गेलेला पाहुणा नाकाला रुमाल लावूनच चहा पितो. पण वाक्य बिनचूक होते, म्हणून शिष्येने शाबासकी दिली.

गाडे अडले ते पुढे. तिने इंग्रजीत एखादा साधा प्रश्न विचारला, तुम्ही सकाळी काय करता एवढाच, तरी सगळे खाली बघू लागत. शहरातून आलेली शिवणकाम करणारी रेहाना पदराशी चाळा करी. गजाबा पुन्हा शुद्ध हवेवर येई. आठवडे उलटले. शिष्येने चित्रे आणली, तक्ते टांगले, सोपी वाक्ये आणखी सोपी केली. घोकंपट्टी वाढली आणि बोलणे होते तिथेच राहिले. मग एकेक माणूस गळू लागला. ज्या दिवशी रेहानानेही सांगितले, की बाई, माझ्याच्यानं हे व्हायचं नाही, उद्यापासून मी येत नाही, त्या दिवशी शिष्येचा धीर सुटला. ती तडक गुरुजींच्या घरी गेली आणि तिने किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली. शिकवणे आपल्या नशिबात नाही, वर्ग बंद करावा, असे सांगताना तिला रडू आवरेना.

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले. किल्लीला हात लावला नाही. उद्या मी येतो, रेहानाला एवढा एक दिवस यायला सांग, इतकेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी येणार म्हणून गळालेली माणसेही हजर झाली. गुरुजींनी बरोबर आणलेली किल्ली टेबलावर ठेवली, ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि सावकाश, सोप्या इंग्रजीत बोलू लागले. खेड्यातले जीवन फार आरामाचे असते, ते म्हणाले. लोक उशिरा उठतात, कारण सकाळी काही कामच नसते. म्हशीची धार दिवसातून एकदाच काढायची, तीही दुपारी, जेवण झाल्यावर.

शिष्या चपापली. गुरुजींचा जन्म गोठ्याशेजारच्या घरातला. वयाने त्यांना चकवा दिला की काय, अशी शंका तिला आली. गजाबा जागच्या जागी चुळबुळला. गुरुजी गंभीर चेहऱ्याने पुढे म्हणाले, की एखाद्या दिवशी कंटाळा आला तर धार काढली नाही तरी चालते. म्हैस समजून घेते.

गजाबा उठला. "नो, गुरुजी! बफेलो नो वेट!"

आणि मग तो थांबेचना. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने सांगितले, की पहाटे अंधार असताना एकदा आणि संध्याकाळी एकदा धार काढावीच लागते. वेळ टळली तर कास तटते. तटण्याला शब्द सापडेना, तेव्हा त्याने गाल टम्म फुगवून दाखवले आणि म्हशीचे ओरडणेही ओरडून दाखवले. भाचीच्या लग्नात अक्षता टाकून तो धारेसाठी घरी पळाला होता, आणि बहीण अजून ते बोलून दाखवते, हेही त्याने सांगून टाकले. वर्ग हसून हसून लोटपोट झाला. गुरुजींनी शांतपणे विचारले, पण तुमच्या वाडीवर हवा तरी शुद्ध असेल ना? "टोटल राँग," गजाबा म्हणाला आणि नाल्याबद्दलच सांगत बसला.

मग गुरुजी शहराकडे वळले. शहरातल्या माणसांना माया नसते, ते म्हणाले, भिंतीला भिंत लागून राहतात, पण शेजाऱ्याचे तोंडही बघत नाहीत.

रेहाना उभी राहिली. तिच्या इमारतीत पहाटे चार वाजता पाणी येई, ती इंग्रजीत सांगू लागली. मजल्यावर जिला आधी जाग येई, ती सगळ्यांची दारे वाजवी. कोपऱ्यातल्या खोलीत एक म्हातारी एकटी राहत असे. तिची घागर आधी भरायची आणि मग आपापली, असा मजल्याचा नियम होता. गजाबाने न राहवून तिला विचारले, इंग्रजीतच, की मग तू इकडे आलीस तेव्हा त्या म्हातारीचे कोण बघते? रेहाना म्हणाली, माझी शेजारीण. तीच मला फोन करून सांगते, की म्हातारी तुझी आठवण काढते. सांगताना तिचे डोळे भरून आले आणि ती हसलीही. शब्द अडला की पुढचा बाक तिला शब्द पुरवी. तास संपला तरी कोणी उठेना.

सगळे गेल्यावर शिष्येने विचारले, "गुरुजी, आयुष्यभर तुम्ही खोटं बोलला नाहीत. मग आज?"

गुरुजी खुदकन हसले. "आज बोललो, आणि मजा आली, काय सांगू तुला. हे बघ, पोरी, तू त्यांना वाक्यं दिलीस. ती निर्दोष होती, पण त्यांत ना गजाबाची म्हैस होती, ना रेहानाची म्हातारी. मग ते बोलणार कशाबद्दल? आपल्या घराविषयी कोणी चुकीचं बोललं की माणसाला राहवत नाही. जवळ असतील तेवढे शब्द घेऊन तो उठतो. तू आधी त्यांना काही सांगायची गरज वाटू दे. चुका काय, त्या आपण बसून काढू."

शिष्येने टेबलावरची किल्ली उचलली आणि पदराच्या टोकाला बांधून टाकली.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरलेला होता, आणि रेहाना पहिल्या बाकावर होती. गुरुजी पुढच्या ग्रंथालयात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. शिष्येने फळा कोरा ठेवला. चेहरा गंभीर करून तिने इंग्रजीत पहिले वाक्य उच्चारले, "आपले गुरुजी कधीही खोटे बोलत नाहीत."

"राँग, बाई!" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, आणि प्रत्येकाला पुढचे सांगायची घाई झाली. भिंतीपलीकडे गुरुजींनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि ते ऐकत बसले.