कोनाड्यातली तीन पत्रे

एका गावात मल्हारी नावाचा कासार राहत होता. दिवाळी सरली की बांगड्या घेऊन तो परमुलखात जाई आणि आषाढातच परते. त्याची लेक सगुणा तेवढे महिने आत्यापाशी राही आणि बापाची वाट पाही.

सगुणा गोष्ट सांगू लागली की ऐकणारा हातातले काम विसरे. पण बोरू हाती घेतला की अक्षरे तिचे ऐकत नसत. काही पाठ फिरवून उभी राहत, काही वाटेतच गळत. मुलांना काय, हसायला निमित्तच हवे! पोरे म्हणत, "सगुणेच्या कागदावरून कोंबडी गेली वाटतं!"

तरी बापाला पत्र लिहायचे ते स्वतःच्या हाताने, असा सगुणेचा हट्ट होता. सकाळपासून बसून तिने चार ओळी लिहिल्या आणि पंतोजींकडे दिल्या. गावची पत्रे वाटसरूंबरोबर तेच धाडत.

पंतोजींचे अक्षर मोत्यासारखे, आणि अभिमानही तेवढाच. माझ्या पाठशाळेतून असे पत्र गेले तर लोक काय म्हणतील, असे त्यांना वाटले. त्यांनी तोच मजकूर सुरेख अक्षरात उतरवून धाडला आणि सगुणेचा कागद कोनाड्यात ठेवला. असे तीनदा झाले.

फाल्गुनात एक वाटसरू पाठशाळेत आला. म्हणाला, "मल्हारीचा निरोप आहे. पंतोजींची पत्रं पोचली, अक्षर झकास. पण माझ्या सगुणेच्या हातचं एकही आलं नाही. पोर मला विसरली का?"

सगुणेला रडू कोसळले. "मी तर तीन लिहिली, गुरुजी!"

वाटेत हरवली असतील, असे सांगून पंतोजींना सुटता आले असते. क्षणभर तसे मनातही आले. पण ते उठले आणि कोनाड्यातून तिन्ही कागद काढले.

"पोरी, चूक माझी. तुझी पत्रं मीच अडवली." वाटसरू परत तिकडेच निघाला होता; त्यांनी ते कागद होते तसेच त्याच्या हाती दिले. मग मुलांना म्हणाले, "आता डाव्या हाताने चार ओळी लिहा. मीही लिहितो." दुपार झाली तरी कोणाच्या चार ओळी पुऱ्या झाल्या नाहीत. त्या दिवसापासून कोणी हसले नाही.

पण सगुणेची लिहिण्याची उमेद गेली होती; तिने बोरू पंतोजींना परत केला. ती रोज वेशीपाशी जाऊन बसे.

आषाढात मल्हारी आला. त्याने कमरेच्या पिशवीतून सहा कागद काढले. पंतोजींचे तीन कोरे करकरीत होते. सगुणेचे तीन घड्यांवर फाटले होते.

"ही रोज वाचली गं," तो म्हणाला. "एकेक ओळ लावायला वेळ लागायचा. तेवढा वेळ तू जवळ बसल्यागत वाटायचं."

सगुणा तशीच उठली आणि पंतोजींच्या दारात जाऊन उभी राहिली. "गुरुजी, माझा बोरू द्या."

तात्पर्य: मुलाचे वाकडे अक्षर पुसून आपले सुंदर अक्षर त्यावर चढवू नये; अक्षर सावकाश सुधारते, पण लिहिण्याची उमेद एकदा गेली की ती मायेनेच परत आणावी लागते.