पगडबंदाची भिंत

राजे पालखीतून हिंडत आणि गोष्टी पायी हिंडत, त्या फार जुन्या काळची ही हकिगत. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी मनावर घ्यावी.

एका राजधानीत एक पगडबंद राहत होता. दरबारातल्या मानकऱ्यांच्या डोक्यावर पगड्या बांधायच्या, हे त्याचं काम. हात असा बसलेला की त्याने बांधलेली पगडी घोडा उधळला तरी ढळत नसे. पण पगडी मिरवायची सरदाराने, मुजरे घ्यायचे सरदाराने, आणि बांधणाऱ्याने मागच्या दाराने घरी जायचं. जन्मभर त्याच्या मनाला एकच गोष्ट डाचत राहिली. या जगात आपल्या नावाने ओळखली जाईल अशी एकही वस्तू नाही!

केस पांढरे झाले तसं त्याने ठरवलं, आता एक घर घ्यायचं. जुनं, दगडी, आपल्यामागेही उभं राहील असं. शोधता शोधता डोंगराच्या पायथ्याशी एका गावात तसं घर मिळालं. फार पूर्वी एका बेलदाराने ते स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. त्याचे वंशज दूर मुलखात गेले होते, त्यांनी ते आनंदाने विकून टाकलं.

घराचं छप्पर खचलेलं होतं. परसाची मागची भिंत पोट सुटलेल्या माणसासारखी बाहेर आली होती आणि तिच्यातून पिंपळ उगवला होता. घराचे दगड मात्र असे चपखल की दोहोंमध्ये गवताची काडी शिरू नये. पगडबंद ते पाहून हरखून गेला.

त्याची बायको मोठी हजरजबाबी. ती म्हणाली, "अहो, या घरात आपल्याआधी पिंपळ राहायला आलाय."

"त्याला देऊ निरोप," पगडबंद म्हणाला. "गावात आता आपल्या नावाचं घर झालं, हे बघ!"

त्याने राजधानीहून कारागीर आणले. नवं छप्पर चढलं, सागवानी दार बसलं आणि दाराच्या वरच्या दगडावर त्याचं नाव कोरलं गेलं. मग त्याने गावजेवण घातलं. गाव पोटभर जेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर जो तो म्हणू लागला, "काल बेलदाराच्या घरी जेवण झ्याक झालं!"

पगडबंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. तो शेजारच्या म्हाताऱ्या धनगराकडे गेला आणि म्हणाला, "बाबा, घर मी घेतलं, नाव माझं कोरलं, जेवण मी घातलं. मग बेलदार मधे कुठून आला?"

धनगर हसला. "पाव्हणं, आमच्या गावात घर इकलं जातं, नाव इकलं जात न्हाई. दगडावर दगड ज्यानं ठेवला, त्याचं नाव. ही लई जुनी रीत हाय."

"मग मीही ठेवीन दगडावर दगड," पगडबंद म्हणाला. "मागची भिंत अजून तशीच आहे."

कारागिरांना त्याने परत पाठवून दिलं. धनगर म्हणाला, "गडी देऊ का मदतीला?" तर त्यालाही नको म्हणाला. पोट सुटलेली भिंत त्याने उतरवली, दगड परसात मांडले आणि कामाला लागला. ज्या हातांनी उभ्या जन्मात मलमलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं, ते हात सोलवटून निघाले. बायको हळद लावी आणि तो पुन्हा दगडांपाशी जाई.

भिंत उभी राहिली तेव्हा दिसायला देखणी होती. देखणी का नसेल? चांगल्या तोंडाचे सगळे दगड त्याने निवडून दर्शनी बाजूला लावले होते आणि मागे जे हाताला येईल ते भरलं होतं. माती, खडे, फुटकी कौलं. गाव बघायला आलं. पगडबंद मिशीवर हात फिरवत उभा राहिला.

तेवढ्यात धनगराचा बोकड उडी मारून भिंतीवर चढला. भिंतीने एकदा अंग हलवलं आणि सगळी दर्शनी बाजू घसरून परसात आली. बोकड मधल्या मातीच्या ढिगावर उभा राहून बें बें करू लागला. लोकांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते कुणालाच जमलं नाही.

पगडबंद घरात गेला आणि दार लावून बसला. "गाडी जुंपायला सांग," तो बायकोला म्हणाला. "राजधानीला परत जाऊ. नाव नसलं तर नसलं, हसं तरी होणार नाही." त्याचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत बायकोने ते कधी पाहिलं नव्हतं.

ती त्याच्याजवळ बसली. "जाऊ. पण एक सांगा. नवे शिकणारे तुमच्याकडे यायचे, पहिल्या दिवशी त्यांना कशावरून रागवायचात?"

"वरचा पेच सुरेख काढतात आणि आत बोळे कोंबतात म्हणून."

"आणि काय म्हणायचात?"

"म्हणायचो, पगडी वरच्या पेचाने टिकत नाही रे, आतल्या पिळाने टिकते. पीळ या कानापासून त्या कानापर्यंत गेला पाहिजे. आणि पेचावर पेच नेमका त्याच जागी आला, की…" पगडबंद बोलता बोलता थांबला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, मी भिंतीत बोळे कोंबले!"

"मी कुठं काय म्हटलं?" बायको म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताच पगडबंद परसात होता. या खेपेला त्याने लांब लांब दगड आधी वेगळे काढले. त्यातला एकेक तो भिंतीत आडवा घाली, या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार. अशा दगडाचं सगळं रूप आत दडतं, बाहेर दिसतं ते फक्त वीतभर तोंड. पगडबंदाला त्याचं वाईट वाटलं नाही. सांध्यावर सांधा येऊ दिला नाही. पोटातले दगडही त्याने दर्शनी दगडांइतकेच निरखून बसवले, जे पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडणार नव्हते. काम सावकाश चाललं. बघायला आता कुणी येत नव्हतं, आणि त्यालाही कुणी यावं असं वाटत नव्हतं. हात चालत होते आणि मन भरत होतं.

भिंत पुरी झाली. दिसायला पहिल्या भिंतीइतकी काही देखणी नव्हती.

मग एका सकाळी गावातले दोन माजलेले रेडे झुंजले. झुंजता झुंजता गल्लीतून सुटले ते थेट परसाकडे आले, आणि एकाने दुसऱ्याला रेटत नेऊन धाडकन भिंतीवर आदळलं. गल्लीतून आरोळी उठली, "अरं धावा! रेडं पगडबंदाच्या भिंतीला भिडलं!"

पगडबंद घरातून धावत निघाला होता, तो उंबऱ्यातच थबकला. रेडे राहिले बाजूला. आरोळी मारणारा म्हातारा धनगर होता, आणि त्याने काय म्हटलं ते पगडबंदाने नीट ऐकलं होतं.

रेड्यांनी पुन्हा पुन्हा धडका दिल्या. भिंतीचा खडाही निखळला नाही. शेवटी रेडेच दमले आणि माना खाली घालून आपापल्या गोठ्याकडे गेले. धनगराने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "पगडबंदा, काम झालं बघ!" तो आता त्याला पाव्हणं म्हणत नव्हता.

पुढे एकदा एक वाटसरू दारात आला. दारावरचं कोरलेलं नाव वाचून त्याने अदबीने विचारलं, "हे घर आपलंच ना?"

पगडबंद हसला. "छे हो! राहतो मी, पण घर बेलदाराचं. काय हात होता त्या माणसाचा!" मग तो छाती काढून उठला आणि म्हणाला, "या, मागे या. भिंत दाखवतो. ती माझी."

तात्पर्य : वस्तू विकत घेता येते, नाव मात्र आपल्या कष्टांनीच कमवावं लागतं.