वादळपाखरावरची ऊ

“तुमचं नाव देतोय मी तिला, बाई! आणि तुम्हीच आडव्या येता?”

“उवेला माझं नाव? उवांची म्हातारी असं लोक जन्मभर पाठीमागे म्हणतच आले. आता ते छापूनही टाक, म्हणजे झालं!”

एकदा एका वृद्ध विदुषीचं आणि तिच्या शिष्याचं असं भर दुपारी जुंपलं होतं. बाई चौथीच्या पुढे शाळेत गेल्या नव्हत्या. पण समुद्रपक्ष्यांच्या पिसांत राहणाऱ्या उवा ओळखाव्यात आणि त्यांच्या जाती लावाव्यात तर बाईंनीच, हे भल्याभल्यांनी मान्य केलेलं. शिष्य विद्यापीठातला, तिशी उलटलेला. उवेची एक नवी जात त्याच्या नावावर लागली तरच त्याची तिथली जागा टिकणार होती, आणि त्यासाठीचा निबंध दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता.

झालं होतं असं, की वादळानंतर त्याला किनाऱ्यावर दोन मेलेले पक्षी मिळाले. एक सुरय, किनाऱ्यावर रोज दिसणारा. दुसरं खोल समुद्रातलं काळं वादळपाखरू, जे वादळाने फेकल्याशिवाय आपल्या किनाऱ्याकडे फिरकत नाही. त्या वादळपाखराच्या मानेवर एक ऊ सापडली, तशी ऊ त्या पक्ष्याच्या नावावर कुठल्याच यादीत नव्हती. शिष्याला आभाळ ठेंगणं झालं.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. “पोटावरचे केस मोजलेस?”

“तीनदा. सुरयच्या उवेपेक्षा दोन कमी.”

“दोन केस गळतात रे. माझे बघ किती गळले. डोक्याची ठेवण?”

शिष्य चाचरला. “ती... सुरयच्या उवेसारखीच.”

“मग ही सुरयचीच ऊ. पाखरं आणलीस कशातून?”

“पोत्यातून.”

“एकाच?”

“बाई, वारा काय होता! दोन पोती कुठून आणू?”

“पक्षी मेला की ऊ दुसरं पाखरू शोधायला निघते. शेजारी पिसं मिळाली की शिरते. पहिल्या दिवशी शिकवलं होतं हे. त्या दिवशी झोपला होतास काय?”

आता मात्र शिष्याचा तोल गेला. “मग तुमच्या त्या काचपट्टीवरच्या उवेचं काय? चाळीस वर्षांपूर्वी वादळपाखरावर सुरयसारखी ऊ तुम्हीच दाखवलीत ना? त्या एका काचपट्टीवरून, सारख्या उवा म्हणजे एकच पूर्वज असं धरून, पंडितांनी दोन्ही पक्ष्यांचं मूळ कूळ एक ठरवलं. ते वाचून मी तुमच्याकडे आलो. तुमची ऊ खरी आणि माझी खोटी? की शिष्याचं नाव झालेलं बघवत नाही?”

शब्द तोंडातून गेला आणि त्याचं त्यालाच कानकोंडं झालं. बाई उठल्या, कपाट उघडलं, ती प्रसिद्ध काचपट्टी बाहेर काढली. तिच्या चिठ्ठीवर बाईंच्याच ठसठशीत अक्षरात पक्ष्याचं नाव, किनारा, तारीख. बाईंनी ब्लेड घेतलं आणि पक्ष्याचं नाव खरवडायला लागल्या.

“अहो, हे काय करताय!” शिष्याने मनगट धरलं. बाईंनी हात सोडवून घेतला. नाव पुरतं गेलं, तेव्हा त्या जागी लिहिलं: ‘पक्षी ठाऊक नाही’.

“बस,” त्या म्हणाल्या. “ही ऊ मिळाली ती पाखरं मला येशीने दिली होती. मासे विकायची. किनाऱ्यावर मेलेलं पाखरू दिसलं की विकायचे मासे बाजूला ठेवून आधी माझ्याकडे यायची. मी शिकले त्यातलं निम्मं तिच्या पाटीतून. माझी ऊ गाजली, अभिनंदनाची पत्रं आली, चार विद्वान घरी जेवायला बसले होते. ती दाराशी आली आणि म्हणाली, ‘बाये, दोनय पाखरां एकाच पाटयेत होती गो. ह्येची ऊ त्येच्यावर गेली आसतली.’ तिचं खरं आहे, हे मला त्याच क्षणी कळलं. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, तू मासे विक, शास्त्र आम्ही बघतो. चौथी शिकलेल्या मला जे वाक्य लोकांनी आयुष्यभर ऐकवलं, ते मी तिला ऐकवलं. चार विद्वान हसले. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. त्यानंतर तिने मला एक पाखरू आणून दिलं नाही.”

त्यांनी काचपट्टी उजेडात धरली. उवेला काहीच झालं नव्हतं. सहा पाय पसरून ती होती तशीच होती.

“केस कुणालाही मोजता येतात, बाळा. पण ऊ इथवर आली कशी, हे ज्याच्या हातांना ठाऊक असतं, त्याला दारात उभं ठेवून केलेली मोजणी वाया जाते. तुझ्याकडे सांगायला येशी नव्हती. माझ्याकडे होती.”

शिष्याचा निबंध पुढे गेला नाही आणि जागाही राहिली नाही; पण ते नंतरचं. त्या दुपारी त्याचा राग अजून उतरला नव्हता.

“मग चाळीस वर्षं गप्प का बसलात, बाई? आम्ही सगळे या पट्टीवर विश्वास ठेवून शिकलो. एका ओळीचं पत्र लिहून खोडून टाकायचं होतंत!”

बाईंनी पट्टी मिटल्या मुठीत धरली.

“ते खोडायचं म्हणजे आधी येशीच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं असतं, मी धीर गोळा करत राहिले, आणि ती तेवढी जगली नाही.”