आड आणि उंच टाकी

दारोदारी नळ यायच्या आधी गावाला एकच आड होता. पहाटे त्याचा रहाट कुरकुरला की गाव जागं व्हायचं. बायका खाली चपला काढून मगच काठावर चढायच्या.

पुढं टेकाडावर टाकी झाली, घरात नळ आले. सांडपाणी कुठं सोडायचं? लोकांनी गटार सरळ आडात सोडलं.

टाकी वरून म्हणाली, “आडोबा, तुमचे दिवस सरले. आता घाण पोटात घ्या आणि गप्प बसा.”

आडानं घाण पोटात घेतली. त्याला ती अनवाणी पावलं आठवत राहायची.

उन्हाळ्यात टाकीच्या पाण्याला वास येऊ लागला. टाकी ओरडली, “माझं पाणी कुणी नासवलं?”

आड म्हणाला, “बाई, तू उंचावर आहेस खरी, पण तुझं पाणी येतं ती विहीर माझ्या शेजारीच खणलीय. आपला झरा एकच.”

इकडं, एके काळी आडावर पाणी भरणाऱ्या सोनाकाकूनं नळाचं पाणी हुंगलं. “अगं बाई, हा तर आडातल्या घाणीचा वास!”

गाव फावडी घेऊन आलं. माळावर सांडपाणी मुरवायला शोषखड्डा खणला, गटार तिकडं वळवलं, आड उपसला. तळाशी नितळ पाणी दिसलं, तशी सोनाकाकू बघायला पुढं झाली. काठाशी तिचे पाय आपोआप थबकले, आणि तिनं चपला काढल्या.